रजिस्टरं पावसाआधी वर काढा: मुंबई, पुणे, वसईच्या जुन्या कॅथलिक शाळांच्या व्यवस्थापनांना खुलं पत्र

आदरणीय फादर, सिस्टर, ब्रदर आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी गिरगावची. एका कॅथलिक शाळेत एकोणतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. माझे वडीलही कॅथलिक शाळेत शिकले. ती शाळा वेगळी. आम्ही जातीनं शिंपी. आजोबा फादरांचे झगे शिवत, आणि त्यातल्याच एका फादरांनी 'पोराला आमच्याकडे पाठव' म्हणून सांगितलं, असं आमच्या घरात सांगितलं जाई. वडील १९४३ साली तिथे इंग्रजी पहिलीत बसले. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी. त्या एका प्रवेशानं आमचं घर शिलाई मशीनवरून टेबलाखुर्चीवर आलं. हे पत्र मी तक्रारीपोटी लिहीत नाही, ऋणापोटी लिहिते, आणि ऋण आहे म्हणूनच जरा हट्टानं लिहिते.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि घरातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शाळेतला दाखला. आम्ही शाळेत गेलो. क्लार्कनं अत्यंत आपुलकीनं वागवलं, चहा पाजला, स्टोअररूम उघडून दिली. खालच्या फळीवर १९४० च्या दशकातलं जनरल रजिस्टर होतं. वरच्या गच्चीची गळती कुठल्यातरी पावसाळ्यात तिथवर पोचली होती, त्यामागून वाळवी आली होती. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मागची थोडी पानं सुटली. पुढच्या पानांतला वडिलांचा रकाना काही आम्हाला वाचता आला नाही. शेवटी धाकट्या काकांची म्युनिसिपालिटीच्या शाळेतली नोंद सापडली आणि पुतण्याचं काम झालं. ती कॅथलिक शाळा कोणती हे मी लिहिणार नाही. ही अवस्था एकट्या तिची नाही, आणि त्या क्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हेही मी विसरलेले नाही.

पण त्या दिवशी त्या स्टोअररूममध्ये मी दोन तास बसले ते दाखल्यासाठी नव्हे. त्याआधीच्या सालाचं एक रजिस्टर बऱ्या अवस्थेत होतं, ते मी उघडलं आणि उठवेना. अनुक्रमांक, मुलाचं नाव, धर्म आणि जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. एका ओळीत एक मुलगा. गोव्यातल्या बार्देशचा मुलगा, त्याच्याखाली चिराबाजारचा पाठारे प्रभू, त्याखाली उत्तनचा कोळी ख्रिस्ती, त्याखाली पारशी, त्याखाली बगदादी ज्यू. १९४२ च्या पानांवर कारणाच्या रकान्यात 'मुंबई सोडली' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. जपानी बॉम्बच्या भीतीनं शहर रिकामं होत होतं ते दिवस. घरात आजी ते सांगायची, पुस्तकात मी ते वाचलं होतं, पण वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होताना मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

तेव्हापासून मला एकच गोष्ट सांगायची आहे. तुमच्या शाळांचा खरा इतिहास त्या जनरल रजिस्टरांत आहे. तो वाचवा, उघडा, आणि मराठीत लिहून काढा.

तुमच्या शाळांच्या शताब्द्या, सव्वाशे, दीडशे वर्षांचे सोहळे मी बरेच पाहिले आहेत. स्मरणिका सुंदर निघतात. पहिल्या पानावर आर्चबिशपांचा संदेश, मग संस्थापक फादरांचं चित्र, मग सगळ्या प्रिन्सिपॉलांचे फोटो क्रमानं, मग इमारतीची कोनशिला, शेवटी नामवंत माजी विद्यार्थी. त्यातलं काहीही खोटं नसतं. पण शाळा म्हणजे तेवढंच असतं का? दीडशे वर्षांत हजारो मुलं बसून गेली, शेकडो मास्तरांनी खडू झिजवला, आणि स्मरणिकेत उरले पंधरा-वीस चेहरे.

उदाहरणासाठी मी धोबीतलावची सेंट झेवियर्स घेते. माझा तिच्याशी नोकरीचा किंवा शिक्षणाचा संबंध नाही. गिरगावातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेली, लहानपणापासून बाहेरून पाहिलेली शाळा, एवढंच. १८६९ साली ती सुरू झाली. पण ती एकटी उगवलेली नाही. कराचीची सेंट पॅट्रिक्स १८६१, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३, माझगावची सेंट मेरीज १८६४, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७, आणि मग झेवियर्स. एका दशकाच्या आत पाच शाळा, आणि पाचही येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांच्या, एकाच मिशनच्या. त्या काळात कराचीसुद्धा मुंबईच्याच मिशनमध्ये मोडे. त्याच कराचीच्या शाळेत पुढे लालकृष्ण अडवाणी शिकले आणि परवेझ मुशर्रफही. एकाच शाळेच्या रजिस्टरांत ही दोन नावं, काही वर्षांच्या अंतरानं! इतिहास शिकवायला याहून चांगला धडा कुठून आणायचा?

त्या दशकातच हे का घडलं, हे मी वर्गात मुलांना विचारायची. सरकारी उत्तर असं की १८५४ साली वुडचा खलिता आला, त्यानं खासगी शाळांना सरकारी अनुदान, म्हणजे ग्रँट, देण्याचं धोरण घातलं. धर्मसंस्थेची शाळा असली तरी तिथे लौकिक शिक्षण चांगलं असेल तर ग्रँट मिळे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ आलं, मॅट्रिकची परीक्षा आली, आणि शाळेला एक ठरलेलं शिखर मिळालं. दुसरं उत्तर रस्त्यावरचं. १८५३ साली आगगाडी धावली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ कापसाचा पैसा मुंबईत ओतला गेला, कचेऱ्या वाढल्या, आणि इंग्रजी लिहिणाऱ्या पोरांची मागणी वाढली. १८६५ ला तो फुगा फुटला, कित्येक घरं बसली, पण शाळांची भूक तशीच राहिली. तिसरं उत्तर मिशनच्या आतलं आहे. १८५० च्या दशकात मुंबईचं मिशन कॅपुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाकडून येशूसंघाकडे आलं आणि जर्मन प्रांताचे फादर इथे उतरले. ती माणसं शिस्तीची होती आणि शाळा कशी चालवायची हे त्यांना युरोपातल्या तीनशे वर्षांच्या सरावानं माहीत होतं.

वांद्र्याची शाळा अनाथ मुलांसाठी सुरू झाली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आज हॉकीसाठी ओळखली जाणारी, भारतीय संघाला विरेन रस्क्विन्हासारखे खेळाडू देणारी ती शाळा मुळात 'नेटिव्ह' पोरक्या पोरांचं वसतिगृह होती. हायस्कूल ती १९२३ साली झाली. १८६३ सालची वांद्रे म्हणजे भातशेती, कोळीवाडे आणि पाखाड्या. माहीमचा कॉजवे होऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. ती पहिली पोरकी मुलं कोण होती, कुठल्या गावची, कुठल्या साथीत त्यांचे आईबाप गेले, पुढे त्यांचं काय झालं? एखाद्या वहीत त्यांची नावं उतरवलेली असतील तर ती वही त्या शाळेच्या कोनशिलेहून मोलाची आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. हा भाग मला नेहमी हलवून जातो. पन्नास-साठ वर्षं ज्यांनी मुंबई-पुण्याच्या मुलांना लॅटिन आणि गणित शिकवलं, ते जर्मन फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. १९१६ साली 'गोलकोंडा' नावाच्या जहाजातून जर्मन मिशनऱ्यांना परत धाडलं गेलं. वर्ग मात्र भरतच होते. इंग्लंडहून फादर अल्बन गुडियर आले, पुढे तेच मुंबईचे आर्चबिशप झाले. मग विशीच्या दशकात मुंबईची जबाबदारी स्पॅनिश येशूसंघीयांकडे आली. विचार करा, एकाच शाळेत बापाला जर्मन फादरनं शिकवलं, थोरल्या भावाला इंग्रज फादरनं आणि धाकट्याला स्पॅनिश फादरनं. या सगळ्या फेरबदलात शाळा रोज सकाळी उघडत होती ती कोणाच्या जिवावर? इथल्या मास्तरांच्या. गोवेकर, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, पारशी, आणि पागोटं घालून येणारे मराठी, संस्कृतचे शास्त्री. फादर बदलत गेले, हे मास्तर राहिले. त्यांची नावं पगारपत्रकात आहेत, हजेरीच्या वहीत आहेत. तेवढ्यातच.

याच स्पॅनिश फादरांबरोबर १९२२ साली मुंबईत हेन्री हेरास आले. फादर हेरासांनी झेवियर्स कॉलेजात भारतीय इतिहास शिकवायला घेतला आणि १९२६ साली संशोधन संस्था उभी केली. आज ती हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. मूळ साधनांशिवाय इतिहास लिहायचा नाही, हा त्यांचा आग्रह. नाणी, ताम्रपट, मूर्ती, पोर्तुगीज कागद, जे मिळेल ते त्यांनी जमवलं आणि विद्यार्थ्यांना त्या कागदांपुढे बसवलं. फादर, माझं म्हणणं मांडायला मला दुसरा वकील नको. ज्या संघानं मुंबईला मूळ कागद वाचायला शिकवलं, त्या संघाच्या शाळांनी स्वतःचे मूळ कागद वाळवीला कसे द्यायचे?

आणि कागद गेला की काय होतं, हे तुमच्याच परंपरेत दिसतं. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचं कॉलेज होतं, सोळाव्या शतकात. आजही पडक्या भिंतींत फिरताना मुलं विचारतात, बाई, इथे कोण शिकलं? मी एकच नाव सांगू शकते: गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, तिथे फादरांकडे शिकला, जपानला गेला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ साली संत झाला. तो संत झाला म्हणून नाव राहिलं. त्याच्या बाकावर शेजारी बसलेली मुलं? १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शाळा गेली. येशूसंघाला तर त्यानंतर पोर्तुगालनं आपल्या मुलखातून हाकललं आणि १७७३ साली रोमनंच तो बरखास्त केला. १८१४ ला तो पुन्हा उभा राहिला, पण त्या मुलांची नावं काही मला सांगता येत नाहीत.

दुसरं उदाहरण मराठीच्या शिक्षिकेला विसरता येणारच नाही. फादर थॉमस स्टीफन्स, जन्मानं इंग्रज, येशूसंघाचे, गोव्यात आयुष्य घालवलं. १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत, सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. त्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. आज त्यांतल्या एकाही आवृत्तीची छापील प्रत उपलब्ध नाही. आपण ते वाचतो ते कुणीतरी हातानं नकला करून ठेवल्या म्हणून. मराठीचं एवढं मोठं लेणं, आणि ते वाचलं ते गावोगावच्या नकलाकारांच्या बोटांमुळे. झेवियर्सची पायाभरणी होण्याच्या अडीचशे वर्षं आधी येशूसंघ मराठीत ओव्या रचत होता. म्हणून मी जेव्हा म्हणते की शाळेचा इतिहास मराठीत लिहा, तेव्हा तुमच्यावर परकी गोष्ट लादत नाही. तुमच्याच घरातली जुनी गोष्ट तुम्हाला परत देते आहे.

मराठीविषयी थोडं मोकळं बोलते. तुमच्या शहरातल्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या, आणि त्यावरून तुमच्याविषयी मराठी माणसाच्या मनात एक अढी आहे. ती अढी जुनी आहे. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारनं हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन किंवा आशियाबाहेरच्या वंशाच्या मुलांखेरीज कुणाला प्रवेश द्यायचा नाही. देवळालीच्या बार्न्स शाळेच्या चालकांनी, म्हणजे बॉम्बे एज्युकेशन सोसायटीनं, आणि काही पालकांनी कोर्टात धाव घेतली. ती शाळा कॅथलिक नव्हती, पण हुकूम सगळ्यांनाच लागू होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द ठरवला: अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला दार बंद करता येणार नाही. निकाल मला योग्य वाटतो. माझ्या वडिलांसारख्या शिंप्याच्या पोराला त्या हुकमानं इंग्रजी शाळेतून बाहेर ठेवलं असतं. पण हुकमामागची काळजी खोटी नव्हती हेही मी एकोणतीस वर्षं वर्गात पाहिलं. घरात मराठी बोलणारी मुलं माझ्या तासाला बसून मराठी वाक्य मनात इंग्रजीतून वळवत. २०२० च्या कायद्यानं मराठी सक्तीची झाली, २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला. सक्तीनं तास वाढतो, गोडी वाढेलच असं नाही. गोडी वाढते ती आपल्या गोष्टीनं. तुमच्या शाळेतल्या मुलाला आपल्याच शाळेचं १९१० सालचं पान मराठीत सांगायला लावा, बघा तो कसा बोलायला लागतो.

इथे वसईचा दाखला देते, कारण शहरातल्या लोकांना तो सुचत नाही. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे समीकरण तिथे चालत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या कॅथलिक मिशनच्या मराठी शाळेत शिकले आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. त्या शाळांच्या रजिस्टरांत सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, आदिवासी अशी सगळी वसई आहे, तिच्या आडनावांसह, तिच्या गावांसह. केळीच्या बागांची ती वसई आता इमारतींखाली गेली. कागदावर मात्र ती अजून आहे.

आता कामाचं बोलते. जनरल रजिस्टर हा कायमस्वरूपी जपायचा दस्त आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. माध्यमिक शाळा संहितेनुसारच तसं आहे. तुमच्यातल्या अनेक शाळा अनुदानित आहेत. माझा पगार आयुष्यभर सरकारी तिजोरीतून आला. १८५४ च्या खलित्यापासून आजपर्यंत लोकांचा पैसा या शाळांत आहे, त्यामुळे रजिस्टरं तुमची असली तरी तुमच्या एकट्याची नाहीत. आणि गरजही खरी आहे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा गावोगावच्या शाळांची जनरल रजिस्टरं उघडली गेली, मोडी वाचणारे लोक शोधून आणावे लागले. एका ओळीवर घराचं भवितव्य फिरतं, हे महाराष्ट्रात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी स्वतः त्या स्टोअररूममध्ये उभी होते.

रजिस्टर वाचवायला फार पैसा लागत नाही, हे मी चौकशी करून सांगते. जुनी शाई लोहाची असते, ओल लागली की ती कागदच खाते. म्हणून कोरडी, वाऱ्याची जागा हवी, आणि खालची फळी कधीच नको. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कितीही टिकाऊ दिसलं तरी. त्यातून कागद पुन्हा सुटत नाही. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, तसंच ठेवून जाणकाराला दाखवा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे दोनशे वर्षांचे कागद सांभाळणारी माणसं बसतात. रजिस्टर स्कॅनरवर उलटं दाबून त्याचा कणा मोडू नका, वरून स्टँडला लावलेल्या साध्या कॅमेऱ्यानंही पान छान येतं. प्रती दोन ठेवा, वेगवेगळ्या इमारतींत.

उघडा म्हणते, तेव्हा सगळं उघडा असं म्हणत नाही. जात, जन्मतारीख, 'फी थकली' असा शेरा, कुणाच्या घरची फजिती, या गोष्टी जिवंत माणसांच्या असतात. पंचाहत्तर किंवा शंभर वर्षांपूर्वीची पानं अभ्यासाला द्या, त्यानंतरची फक्त ज्याची त्याला किंवा त्याच्या वारसाला. हा नियम लिहून दारावर लावा, म्हणजे क्लार्कला प्रत्येक वेळी प्रिन्सिपॉलांकडे धावावं लागणार नाही आणि येणाऱ्याला हेलपाटे पडणार नाहीत.

आणि लिहायचं काम आठवी-नववीच्या मुलांना द्या. दर वर्षी एका वर्गाला रजिस्टरातलं एक साल. त्यांनी ओळी वाचाव्यात, गावं नकाशावर शोधावीत, त्या साली शहरात काय घडलं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारावं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. त्या वर्षीच्या शाळा सोडलेल्यांच्या तारखा मोजाव्यात. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला. माझगाव, डोंगरी, मांडवीची किती मुलं जूनमध्ये परत आली ते पाहावं. मग मराठीच्या तासाला त्यावर लिहावं. मी हा प्रयोग माझ्या वर्गात एकदाच केला, तोही घरातल्या दाखल्यांवर, कारण रजिस्टर मिळालं नाही. एका मुलीनं आपल्या पणजीचा दाखला आणला, तिसरीतून शाळा सोडलेली, कारणाच्या रकान्यात 'लग्न'. वर्गात त्या दिवशी कुणी बोललं नाही. त्या मुलीनं जे लिहिलं ते माझ्या नोकरीतल्या सर्वांत चांगल्या निबंधांपैकी एक आहे, आणि शुद्धलेखनाच्या सतरा चुकांसह मी तो जपून ठेवला आहे.

सुनील गावसकर झेवियर्सच्या शाळेतून क्रिकेट खेळत वर आले, हे सगळी मुंबई जाणते. ते नाव स्मरणिकेत पानभर येतं आणि यायलाच हवं. रजिस्टरात मात्र त्यांना एकच ओळ मिळाली असणार, जेवढी त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या अनुक्रमांकाच्या मुलांना मिळाली तेवढीच. मला या वह्यांचं हे फार आवडतं. फादरांनी टाकानं ओळ आखताना कुणाची ओळ रुंद आखली नाही.

मी आता मोकळी आहे. जुनं वळणदार इंग्रजी अक्षर मला वाचता येतं, मोडीही थोडी येते. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक गिरगावात, दादरला, वसईत, पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही हाक मारा, आठवड्यातले दोन दिवस कोणीही आनंदानं देईल. मानधन नको. टेबल, उजेड आणि पंखा पुरे, आणि पंखाही पानं उडत असतील तर नको.

एवढं सगळं लगेच जमणार नसेल तर या मे महिन्यात एकच करा. शिपाईदादांना हाताशी घेऊन स्टोअररूमचं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खालच्या फळीवरची रजिस्टरं वर चढवा, आणि वर छतावर ओल धरली आहे का ते बॅटरी मारून बघा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
गिरगाव, मुंबई